खालच्या ओठातला तुकडा

दातांच्या डॉक्टरने तोंड तपासायचा छोटा आरसा तिच्या गालाच्या आतल्या बाजूला टेकवला आणि बाहेर काढायला गेला, तर तो निघेना. गालाला चिकटून बसला होता. त्याने हलक्या हाताने ओढला तेव्हा काहीतरी सोलून निघाल्यासारखा बारीक आवाज झाला, आणि तो तिला कवटीच्या आतून ऐकू आला. डॉक्टर थांबला. ती आली होती ठणकणाऱ्या दाढेसाठी. दाढेचं काय ते बघावं, गोळी घ्यावी आणि कामावर परत जावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण तो दाढ विसरून तिच्या जिभेकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, “तुम्ही शेवटचं थुंकलात कधी?” हा काय प्रश्न झाला, असं तिला वाटलं. सभ्य माणसाला कुणी असं विचारतं का? ती उत्तर शोधू लागली आणि सापडेना. आज सकाळी दात घासताना नळाचं पाणी तोंडात घेऊन टाकलं होतं, ते थुंकणं नव्हे. तोंडात आपोआप जमतं ते, दुसऱ्याच्या ताटाकडे बघून सुटतं ते पाणी. कितीतरी वर्षांत ते सुटल्याचं आठवेना. “माहीत नाही,” ती म्हणाली, आणि म्हणताना जीभ टाळूला टेकून क्षणभर तिथेच राहिली.

तिला त्याची सवय झाली होती, इतकी की ते तिला दिसेनासं झालं होतं. पावाचा प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलायचा. कागद उलटताना बोट जिभेला न लावता पाण्याच्या वाटीत बुडवायचं. जिथे जाईल तिथे पाण्याची बाटली, आणि ती काम करायची त्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतले लोक त्यावरून तिची थट्टा करायचे, बाई वाळवंटात नोकरी करतात म्हणायचे. डोळ्यांत सदा वाळू गेल्यासारखं व्हायचं. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. डोळ्यांची प्रत्येक तक्रार नंबरापाशी जाऊन संपते अशी त्याची समजूत होती, त्यामुळे चार वर्षांत तिच्या नाकावर तीन चष्मे येऊन गेले होते. हे सगळं वयाचं आहे, कामाचं आहे, औषधांच्या वासाचं आहे असं म्हणत तिने दिवस काढले. आणि मनाच्या तळाशी, कुणाला सांगण्यासारखी नव्हती अशी, आणखी एक समजूत होती. आपण मुळातच कोरड्या आहोत. हा शब्द तिला तिच्या मावशीने दिला होता. आई गेली त्या दिवशी धाकट्या बहिणीच्या घरात माणसं भिंतीला टेकून बसली होती, धाकटी कोपऱ्यात हमसाहमशी रडत होती, आणि ती स्वतः मात्र कपाटातले जुने कागद काढत होती, फोन करत होती, आलेल्याला पाणी देत होती. मावशी शेजारणीच्या कानाला लागली आणि म्हणाली, “थोरलीच्या डोळ्यांत टिपूस नाही बघ. आधीपासूनच कोरडी आहे ती.” हळू बोलली, पण तिला ऐकू गेलं. तिने न्हाणीघरात जाऊन आरशासमोर डोळे चोळले होते. लाल झाले, पण ओले झाले नाहीत. त्यानंतर धाकटीचे फोन कमी होत गेले. आठवड्याचा महिन्यावर आला, महिन्याचा वर्षातून दोनदा. विचारलं तर “कामात होते गं” एवढंच. सहा वर्षं झाली. कोरड्या माणसाशी कोण किती दिवस बोलणार, असं ती स्वतःला सांगत आली होती.

दातांच्या डॉक्टरने तिला सांध्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याने तिच्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं ती डोळे मिटून बसली. पट्टी काढली तर टोकाला मुंगीएवढा ओलावा. “शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात,” तो म्हणाला, “त्या कधीकधी घरच्यांवरच उठतात. लाळेच्या, अश्रूंच्या ग्रंथींना परकं समजून पोखरतात. तुमच्या रक्ताच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही, पण न मिळणारेही असतात पुष्कळ. ओठातला तुकडा काढून बघू. मग कळेल.” हा आजार जीव घेतो का, असं तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं. वर्षातून दोन-तीन असे ओठाचे तुकडे तिच्या प्रयोगशाळेत यायचे, तिच्याच हाताखालून जायचे. ती म्हणाली, “हा आजार असेल तर माणसाला रडू येत नाही का?” डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली. “रडू येतं. पाणी येत नाही,” तो म्हणाला आणि परत लिहू लागला. त्या वाक्याने तिच्या आत काहीतरी उचललं गेलं. बाहेर येऊन ती बाकावर बसली, शेजारी एक म्हातारा गुडघा चोळत होता, समोर नंबर पुकारले जात होते, आणि तिला जाणवलं की आपल्याला हा आजार असावा असं वाटतंय. निव्वळ वाटतंय असं नाही, आपण त्याची आस लावून बसलोय. लोक या बाकावर बसून नसावा म्हणून हात जोडतात. तिला लाज वाटली. पण आस गेली नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवणानंतर तिचाच चष्मा फडक्याने पुसत होता. “म्हणजे नंबर बरोबरच होता,” तो म्हणाला. त्याला एवढंच सुचलं. मग थोड्या वेळाने म्हणाला, “ओठ कापणार म्हणजे दुखणार.”

“थोडंसं.”

“मी येऊ बरोबर?”

“नको. दुकान कोण बघेल.”

“दुकान कुठे पळून जातंय.” पण त्याने फार आग्रह धरला नाही. तिनेच त्याला इतक्या वर्षांत शिकवलं होतं की नको म्हणजे नको. तो उठला, तिच्या डोळ्यांत घालायचं औषध घेऊन आला, आणि तिने मान मागे टाकली. थेंब पडला, डोळा भरला, कडेने ओघळला. नवऱ्याने अंगठ्याने पुसला. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाई रडते आहे. विकत आणलेलं पाणी, असं तिच्या मनात आलं आणि ती थकून तशीच मान टाकून बसून राहिली.

तुकडा काढणारा डॉक्टर पोरसवदा चेहऱ्याचा होता आणि सतत बोलत होता. त्याने तिचा खालचा ओठ चिमटीत धरून बाहेर उलटा केला, सुई टोचली, आणि ओठ हळूहळू तिचा राहिला नाही. दुसऱ्याचा कुणाचा तरी जाड, थंड ओठ आपल्या चेहऱ्याला लावला आहे असं तिला वाटू लागलं. पात्याचा स्पर्श कळला, दुखलं नाही. ओठाच्या आत कुणी बोटाने चाचपून काही वेचतंय एवढंच. “दिसल्या ग्रंथी,” तो म्हणाला, “मोहरीच्या दाण्यांसारख्या असतात. निदान चार लागतात, मी पाच-सहा घेतो.” तोंड उघडं, वर दिवा, आणि तिला आईचा अंगठा आठवला. शाळेत जाताना दारात उभं करून आई अंगठा जिभेला लावायची आणि त्या ओल्या अंगठ्याने दोघींचे गाल पुसायची, शाईचे, दुधाचे डाग. तिला किळस यायची, ती मान मागे घ्यायची. धाकटी मात्र गाल पुढे करायची, डाग नसला तरी. आई कपडे शिवायची, सुईत दोरा ओवतानाही तेच, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं. आईला किती लाळ होती, तिच्या मनात आलं. सगळ्यांना पुरायची. “झालं,” डॉक्टर म्हणाला. “दोन टाके आहेत, आपोआप विरघळतील. आठवडाभर गरम नको, तिखट नको, आणि शक्यतो बोलू नका. थोडा बधिरपणा राहील. क्वचित कायमचाही राहतो. तसं कागदावर लिहून घेतलंय तुमच्याकडून.” तिने मान हलवली. न बोलण्याचं पथ्य तिला जड जाणार नव्हतं.

बाटली तिच्याच हातात दिली. अंगठ्याएवढी बाटली, औषधाच्या पाण्यात बुडालेले फिकट दाणे. सव्वीस वर्षं तिने खिडकीतून अशा बाटल्या घेतल्या होत्या. नातेवाईक दोन्ही हातांनी धरून आणायचे, जणू आत दिवा तेवतो आहे. काही जण पिशवीत भाजीबरोबर टाकून आणायचे. ती झाकण घट्ट आहे का बघायची, नंबर घालायची, आणि वर बघायची नाही. वर बघितलं की लोक विचारतात. आता ती पर्समध्ये स्वतःची बाटली घेऊन, बधिर ओठ रुमालाने झाकून, बसने आली आणि त्याच खिडकीसमोर बाहेरच्या बाजूने उभी राहिली. आतून रंगाऱ्याने हात पुढे केला. रंगारी म्हणजे तिचा जोडीदार. ती तुकडे कापायची, तो काचांवर चढलेल्या कापांना रंग द्यायचा, म्हणून त्याला सगळे रंगारी म्हणत. त्याची नखं कायमची जांभळी होती आणि निवृत्तीला सात महिने उरले होते.

“कुणाची?” त्याने न बघता विचारलं.

“माझी.”

त्याने मग बघितलं. रुमाल, सुजलेला ओठ. काही क्षण त्याने बाटली तशीच तळहातावर धरून ठेवली. “आत या बाई,” तो म्हणाला, “तिथे काय उभ्या राहिलात परक्यासारख्या.” त्याने वहीत नंबर घातला, चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाला, “परवा कापायला येईल. मी कापतो. म्हणजे कापलं असतं, पण हात बघा.” त्याने हात पुढे करून दाखवला. बोटं बारीक थरथरत होती. “रंग देतो मी. एकदम झकास देतो.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ठोकळा तिच्या टेबलावर आला. रात्रभरात यंत्राने तुकड्यातलं पाणी काढून टाकलं होतं, त्याच्या जागी मेण भरलं होतं, आणि काडेपेटीच्या निम्म्याएवढ्या मेणाच्या ठोकळ्यात तिच्या ओठाचे दाणे पांढरट ठिपक्यांसारखे अडकून बसले होते. काचा तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “स्वतःचा स्वतः कापाल? बाहेर पाठवू का?” तिने मान हलवून नको म्हटलं. तुकडा फार लहान होता, नवख्या हाताने दोन-चार जाड काप मारले तर मुद्द्याचं तेच निघून जाणार. तिने ठोकळा बर्फावर गार केला, यंत्रात बसवला आणि चाक फिरवू लागली. ठोकळा वरखाली होऊ लागला, पातं मेण तासू लागलं. एरवी ती ठोकळ्यावर तोंडाने हाः करून वाफ सोडायची, त्याने कापांची फीत नीट सुटते. आज ओठ वळेना. तरी फीत सुटली. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यालाही लाजवील अशी, एकाला एक जोडलेले चौकोन, प्रत्येकात तिचे ठिपके. कुंचल्याच्या टोकाने तिने ती उचलली आणि कोमट पाण्यावर सोडली. सुरकुत्या पाण्यावर आपोआप पसरल्या.

हे करताना तिचं मन रिकामं असायचं. इतकी वर्षं त्या रिकामेपणाच्या जोरावरच तर तिने काम केलं होतं. कापताना तुकडा कुणाचा नसतो, नंबरचा असतो. आईचा तुकडाही तिने असाच कापला होता, आई जायच्या आठ महिने आधी. पोटातला होता. बाहेर पाठवा असं तेव्हाही कुणी म्हटलं होतं, आणि तिने नको म्हटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी काच बघितली, दार लावून घेतलं आणि सांगितलं, आजार पसरलेला आहे. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणाला, आता फक्त त्रास कमी करायचा, बाकी काही करण्यासारखं नाही, घरच्यांना मी सांगू का. ती म्हणाली, मी सांगते. संध्याकाळी धाकटीच्या घरी जाऊन ती म्हणाली, पोटात जखम आहे, हळूहळू भरेल, खायला घालत राहा. आई तिथेच राहायची, धाकटीकडे, सगळं करणं धाकटीच्या अंगावर होतं. तिचा धीर सुटला तर आईचं कोण करणार, असा तिने हिशेबी विचार केला होता. पुढे कधीतरी सांगू, असंही ठरवलं होतं. दर रविवारी ती जायची. दर रविवारी पुढचा रविवार असायचा. इथपर्यंत आलं की तिचं मन नेहमी एक पायरी चुकवायचं आणि थेट त्या शेवटच्या दिवशी जाऊन उभं राहायचं, मावशीच्या कुजबुजीपाशी, आरशातल्या लाल डोळ्यांपाशी. आताही तसंच झालं. तिने काच पाण्यात तिरपी घालून फीत अलगद वर उचलली, थेंब झटकला आणि रंगाऱ्याकडे नेऊन दिली. त्याने काच उजेडासमोर धरली. “सुरकुती नाही एक,” तो म्हणाला. “असा हात परत यायचा नाही या खात्यात.” ती हसायला गेली आणि टाके ताणले.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. दोघींना एकाच वेळी बघता येईल असं दोन तोंडांचं सूक्ष्मदर्शक होतं. तिने चष्मा काढून डोळे टेकवले. गुलाबी रंगाची छोटी छोटी गावं दिसली, ग्रंथींची, आणि त्या गावांमध्ये जागोजागी गडद निळ्या ठिपक्यांची झुंबड. कणसाला मुंग्या लागाव्यात तशी. “एक,” डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात मोजू लागल्या, “हा दुसरा घोळका. हा तिसरा, केवढा मोठा आहे. एका घोळक्यात पन्नास पेशी असल्या तरी आपण तो धरतो, इथे तर मोजायलाच नको.” काच सरकत गेली. चौथा, पाचवा. “शंका नाही,” त्या म्हणाल्या आणि डोळे काढून तिच्याकडे वळल्या. “आहे. वाईट वाटून घेऊ नका. औषधं आहेत, नियमित दाखवत राहायचं, एवढंच. पुष्कळ जणी यात नातवंडं खेळवतात.”

“कधीपासून असेल हे?” तिने विचारलं. ओठ अजून नीट वळत नव्हता, शब्द जाडे निघत होते.

“ते काचेवर दिसत नाही. बऱ्याच दिवसांचं असावं.”

“सहा वर्षांपूर्वी असेल?”

“असेलही. का?”

“काही नाही.”

बाहेर येऊन ती तिच्या स्टुलावर बसली. सुटका झाल्यासारखं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. सहा वर्षं चाललेला खटला आज निकाली निघाला, आरोपी निर्दोष, कागद हातात. पण वाटला तो नुसता शीण, दिवसभर उभं राहून आल्यावर पायांतून चढतो तसा. रंगारी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे ठेवून गेला. तिने अहवालाची झेरॉक्स काढली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि डॉक्टरीणबाईंना लवकर जाते म्हणून सांगितलं. नवऱ्याला फोन केला. “धाकटीकडे जातेय,” ती म्हणाली. पलीकडे काच घासायच्या चाकाची घरघर थांबली. “आज? अचानक?” तो म्हणाला. मग म्हणाला, “जा. बरं होईल. मी जेवणाचं बघतो.” काय निघालं ते त्याने विचारलं नाही, आणि तिला वाटलं, विचारायला घाबरत असेल. “आहे तो आजार,” तिने स्वतःच सांगितलं. “अस्सं,” तो म्हणाला. “ये लवकर.”

धाकटीचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका अरुंद रस्त्यावर होतं. पँटच्या पायाची लांबी कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. आईचंच यंत्र, आईचीच कात्री. थोरलीने काचेतून पाहिलं, धाकटी मान खाली घालून शिवत होती, तोंडात टाचण्या धरलेल्या. केस पिकले होते. ही पिकली कधी, असं तिला वाटलं. दार ढकललं तशी धाकटीने वर बघितलं, टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि उशीत खोचल्या.

“ताई? काय झालं ओठाला?”

“कापला.”

“कुणी?”

“डॉक्टरने. बसू दे, सांगते.” पण बसायला दुसरी खुर्ची नव्हती. धाकटीने कपड्यांचा ढीग उचलून स्टूल मोकळं केलं. थोरली बसली, पर्स उघडली, कागद काढला, आणि सबंध रस्ताभर बसमध्ये जुळवून आणलेली वाक्यं तिने एका दमात बोलून टाकली. ग्रंथी सुकतात, लाळ सुकते, डोळ्यांतलं पाणी सुकतं, बऱ्याच वर्षांचं आहे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं सहा वर्षांपूर्वीही असेल. “म्हणून त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं,” ती म्हणाली. “रडू येत होतं. पाणी येत नव्हतं. हे बघ, लिहिलंय इथे.”

धाकटीने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग मांडीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काही उमगल्याची खूण नव्हती.

“कुठल्या दिवशी?”

“आई गेली त्या दिवशी. मी रडले नाही म्हणून तू...”

“तू रडली नाहीस?” धाकटी म्हणाली. “मला कुठे दिसत होतं ताई काही. माझेच डोळे पाण्याने भरलेले. तू रडलीस की नाही हे बघायला मी कुठे शुद्धीवर होते.”

“मावशी म्हणाली...”

“मावशी काय, माणूस मेल्यावर कुणी किती भाकऱ्या खाल्ल्या तेही मोजते.” धाकटीने यंत्राच्या चाकावर हात ठेवला आणि ते उगाच अर्धा फेरा फिरवलं. मग शांतपणे, मान वर न करता म्हणाली, “तुला माहीत होतं ना?”

थोरलीला लगेच कळलं. गेली सहा वर्षं मन जी पायरी चुकवत होतं तिच्यावर पाय पडला आणि पडताच ओळखीची वाटली.

“मरणाच्या दाखल्यासाठी कागद लागत होते,” धाकटी म्हणाली. “मी तुमच्या हॉस्पिटलात गेले, तू त्या दिवशी रजेवर होतीस. खिडकीवरच्या माणसाने फाइल दिली. त्यात ते होतं, पोटाच्या तुकड्याचं. तारीख होती. आठ महिन्यांपूर्वीची. खाली कापणाऱ्याची सही, तुझी. मला आधी वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं लागलंय. तू मला म्हणालीस जखम आहे, खायला घालत राहा. मी घातलं. ती खात नव्हती, मी तिच्यावर ओरडले. रोज. हट्टी आहेस म्हणाले, मुद्दाम करतेस म्हणाले. ताट आपटलं एकदा तिच्यासमोर. तिने त्यातला एक घास उचलून तोंडात घातला, माझ्या भीतीने, आणि उलटी झाली. ताई, मला माहीत असतं तर मी तिला नुसतं जवळ घेऊन बसले असते. दुसरं काही केलं नसतं.”

बाहेर रस्त्यावरून कुणी सायकल ढकलत नेत होतं, तिची साखळी खरखरत गेली. थोरलीच्या तोंडात जीभ टाळूला चिकटली. काय म्हणायचं? तुझा धीर सुटेल असं वाटलं. तुला बळ हवं होतं. हे शब्द तिच्याकडे तयार होते, सहा वर्षांपासून घडी घालून ठेवलेले. ते तिला आता दुसऱ्याच कुणाचे वाटले. खरं तर तुझ्या धीराचा प्रश्न नव्हता, मला तुझं तोंड बघवणार नव्हतं. सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मला तिथे बसून राहावं लागलं असतं, काहीही न कापता, काहीही न आवरता. तिला हे आत्ता, या स्टुलावर बसल्यावर कळत होतं. कागद धाकटीच्या मांडीवर तसाच पडला होता, निळ्या शिक्क्याचा, नंबर घातलेला. जो आरोप कुणी केलाच नव्हता त्यातून तो तिला सोडवत होता.

“विचारायचं होतंस,” ती कशीबशी म्हणाली. “तेव्हाच. भांडायचं होतंस माझ्याशी.”

“तू सांगायचं होतंस,” धाकटी म्हणाली. “मी वाट बघितली. पहिलं वर्षभर तुझा फोन आला की वाटायचं, आज सांगेल. मग वाटायचं थांबलं.”

दार उघडून एक बाई आत आली, परकराची नाडी दुरुस्त झाली का विचारायला. धाकटीने उठून परकर शोधून दिला, पिशवीत घातला, नीट बोलली. बाई गेल्यावर तिने दाराला कडी घातली आणि काचेवरची पाटी उलटी केली. मागच्या फळीवरून पाण्याचा तांब्या आणि भांडं घेऊन आली, भांडं भरून थोरलीसमोर ठेवलं. थोरली प्यायली. बधिर ओठाच्या कडेने थोडं पाणी हनुवटीवर सांडलं, तिला कळलं नाही, धाकटीने दाखवल्यावर तिने पुसलं.

“बोलताना दुखतंय?”

“दुखतंय.”

“दुखू दे,” धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. ती समोर यंत्राच्या खुर्चीत बसली आणि हात मांडीत घेतले. “तुला पहिल्यांदा कळलं तिथपासून सांग. काही गाळू नकोस.”

थोरलीने भांडं खाली ठेवलं. टाक्यांची टोकं आतून जिभेला टोचत होती. तोंड इतकं सुकलं होतं की पहिला शब्द येईना, तिने परत घोट घेतला, धाकटीने परत भांडं भरलं.

“मंगळवार होता,” ती म्हणाली. “मी ठोकळा बर्फावर ठेवला होता. नंबर बघितला आणि कळलं, आईचा आहे. कुणी म्हणालं, बाहेर पाठवा. मी म्हटलं नको, मीच कापते. मला वाटलं, माझ्या हाताने नीट होईल.” ती थांबली. धाकटी तिच्याकडे बघत होती. “मग मी चाक फिरवायला घेतलं,” थोरली म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.